झापडांखालची फट

लोवेल हॅस्किन्सच्या शब्दावर विसंबून त्याच्या बायकोने, डार्लीनने, पाच वर्षांत पाचदा बॅग भरली होती, आणि पाचही वेळा ती बॅग विमानतळाच्या कुंपणापर्यंत जाऊन, ढगाचं तोंड पाहून, घरी परत आली होती.

दर जूनमध्ये वाढदिवसाला जायचं असायचं ते डार्लीनच्या थोरल्या बहिणीकडे. ही बहीण, कॉरा, पेंडल्टनला राहायची. डोंगरांच्या पलीकडे, कोरड्या मुलखात, जिथे जून उजाडला की आभाळ ढगांना ओळखही दाखवत नाही. सीडर बे मात्र समुद्राच्या कुशीत. उन्हाळ्यात रोज पहाटे समुद्र एक करडी गोधडी गावावर पांघरतो आणि मनात आलं तर दुपारी काढून घेतो, नाही तर नाही. मोटारीने बारा मैल आत गेलं की लख्ख ऊन. विमानाने सरळ वर गेलं तर त्याहूनही जवळ, पंधराशे फुटांवर.

"तुझं विमान आणि ऊन यांच्यामध्ये पंधराशे फूट आहेत," डार्लीन म्हणायची. "माझ्या खापरपणजीने पोटुशी असताना बैलगाडीतून डोंगर ओलांडले होते. तुला एक ढग ओलांडता येत नाही."

मग सहा तास मोटार. गाडी डार्लीन चालवायची, आणि त्या सहा तासांत ती एक अक्षर बोलायची नाही. बोललेलं परवडलं असतं, असं लोवेलला दर वेळी वाटायचं.

यंदा कॉराला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. जेवण शनिवारी दुपारी. आणि यंदा डार्लीनने बॅगेच्या आधी एक कागद तयार केला होता. टाइप केलेला, समासबिमास सोडून नेटका: 'सेस्ना १७२, चार आसनी, निगा उत्तम, निम्मी मालकी विकणे आहे. चौकशी डार्लीन हॅस्किन्सकडे.' तो तिने फ्रिजवर खेकड्याच्या चुंबकाखाली लावला होता.

"शनिवारी उडालो, तर हा चुलीत," ती म्हणाली. "नाही उडालो, तर सोमवारी विमानतळावर, हँगरच्या दारावर. कबूल?"

लोवेल कबूल झाला. चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलेल्या माणसाला बाटलीवरची मुदत कळते.

शिवाय या वेळी त्याची तयारी होती. ढगातून विमान न्यायचं तर खिडकीबाहेर बघून चालत नाही. समोरच्या सहा तबकड्या आणि रेडिओवरचा माणूस, एवढ्याच भरवशावर उडायचं. त्याचा परवाना वेगळा. लोवेलकडे तो एकवीस वर्षांपासून होता. पण या परवान्याचं सरकारने दुधासारखं करून ठेवलंय: मिळतो जन्मभरासाठी, नासतो सहा महिन्यांत. मागच्या सहा महिन्यांत सहा वेळा तुम्ही तबकड्यांच्या जोरावर धावपट्टीच्या तोंडापर्यंत खाली उतरून दाखवलेलं असलं पाहिजे. या उतरण्याला पायलट अप्रोच म्हणतात. सहाच्या खाली एक जरी कमी पडला, तरी ढगात शिरायची मनाई. तो नासू देऊन लोवेलने बरीच वर्षं घालवली होती. गेल्या नोव्हेंबरात त्याने पुन्हा परीक्षा दिली. तिच्या पुण्याईवर मे महिना सरला. जूनपासून मात्र सहाच्या सहा अप्रोच वहीत मांडलेले हवेत.

आणि ते मांडलेले होते. जानेवारीत दोन, फेब्रुवारीत दोन, एप्रिलच्या नऊ तारखेला दोन. लोवेलच्या लॉगबुकात एका ओळीलाही शाईचा डाग नव्हता. इतर पायलट 'बरं झालं' नाहीतर 'वारा फार' असे शेरे मारतात. लोवेल वाऱ्याची दिशा अंशांत लिहायचा.

हे सराव ढगात करायची गरज नसते. स्वच्छ हवेत उडायचं आणि डोळ्यांवर झापडं लावायची, टांग्याच्या घोड्याला लावतात तशी. प्लॅस्टिकचा एक टोपासारखा तुकडा, त्यातून फक्त तबकड्या दिसतात. बाहेर बघायला शेजारच्या खुर्चीवर दुसरा पायलट लागतो, डोंगर आणि दुसऱ्यांची विमानं सांभाळायला. लोवेलची ही राखण बेव्ह लिंडक्विस्ट करायची.

बेव्ह विमानाच्या उरलेल्या निम्म्याची मालकीण. वय बहात्तर. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती आणि अजूनही कोणाच्याही पाठीमागे उभी राहिली की ती पोरं मोजतेय असं वाटायचं. महिन्यातला दुसरा गुरुवार त्यांचा ठरलेला. एकाने झापडं लावायची, दुसऱ्याने राखण करायची, आणि उतरल्यावर हँगरमध्ये कॉफी आणि बेव्हने भाजलेला 'पाय', आत मॅरिअनबेरीच्या आंबटगोड फळांचं सारण. जगात दोन माणसांची मैत्री टिकवायला याहून जास्त काही लागत असेल, असं दोघांनाही वाटत नव्हतं.

आता त्या झापडांबद्दल थोडं सांगायला हवं. लोवेलची झापडं जुनी. डावीकडची कड वाकलेली. मान किंचित डावीकडे कलली की कड आणि गाल यांच्यामध्ये दोन बोटांची फट पडायची आणि त्या फटीतून खाली नदी दिसायची, नदीवरचा लोखंडी पूल दिसायचा आणि पुलाच्या पलीकडे धावपट्टीचं टोक. लोवेल बघायचा असं नाही. मान कलायची. मान कलली की दिसायचं. दिसलं की विमान आपोआप सरळ यायचं. एकवीस वर्षांत त्याने नवी झापडं घेतली नाहीत. जुन्याची सवय झालीय, असं तो सांगायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

कॉराच्या वाढदिवसाआधीचा गुरुवार उजाडला. लोवेल हँगरमध्ये लॉगबुक उघडून सहावर बोट ठेवून बसला होता, उगीच, गिऱ्हाइकाच्या समोर गोळ्या पुन्हा मोजाव्यात तसा. बेव्ह पायचं भांडं घेऊन आली.

"काय गोळीमास्तर, किती झाले? कालचे सहा आजही सहाच आहेत ना?"

"मोजून घेतलेलं बरं."

"मोज, मोज. मीही आता कागदोपत्री सोवळी आहे बरं का. तो संगणकावरचा धडा केला एकदाचा. हृदय कुठे असतं, चष्मा लावून उडावं का, दारू पिऊन उडू नये. बहात्तराव्या वर्षी मला हे नवीनच कळलं."

लोवेलचं बोट सहावरून उठलं. "कधी केलास?"

"मेच्या सुरुवातीला. तीन तारीख. का रे?"

"आणि आधीचा कधी केला होतास?"

बेव्हने पायचे तुकडे करता करता सुरी थांबवली. "दोन वर्षांपूर्वी. मार्चमध्ये. कारण तेव्हा माझ्या गुडघ्याचं..." तिने सुरी खाली ठेवली.

हे कागद ज्यांना लावावे लागत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पायलटची तब्येत ठीक असल्याचा दाखला जिवंत ठेवायला दर दोन वर्षांनी तो धडा करावा लागतो. बेव्हचा दाखला मार्चच्या एकतीस तारखेला मेला आणि मेच्या तीन तारखेला पुन्हा जिवंत झाला. मधल्या एप्रिलात ती कायद्याने पायलट नव्हती, नुसती शेजारी बसलेली बाई होती. आणि राखण करायला पायलट लागतो. म्हणजे नऊ एप्रिलचे दोन्ही अप्रोच पाण्यात.

"चार," लोवेल म्हणाला.

"अरे देवा." बेव्ह तेलाच्या डब्यावर बसली. "लोवेल, शप्पथ सांगते, माझ्या ध्यानातच नाही आलं. तीस वर्षं बसचा एक कागद चुकला नाही माझा."

"बसच्या कागदांना शाळेचा कारकून होता."

"होता खरा. मेला बिचारा." तिने बसल्या बसल्या डबा पुढे सरकवला. मग पुढे झुकून हळू आवाजात म्हणाली, "आता हे बघ. ती वही कोण वाचतं? तू. आणि वरून आपला देव. देवाला सेस्नातलं काही कळत नाही. दोन आहेत, असू देत. उडालास तर खरंच होतास ना तू?"

लोवेलने वही मिटली, पुन्हा उघडली. खरं सांगायचं तर त्याच्याही मनात तेच आलं होतं आणि बेव्हच्या आधी आलं होतं. शनिवारी कोणी शिपाई येऊन वही मागणार नव्हता. पण चाळीस वर्षांत त्याने मुदत संपलेली एकही बाटली फळीवर राहू दिली नव्हती, भले आतलं औषध बरं असो. बाटलीवर लिहिलेलं खरं असलं पाहिजे, बस्स. त्याने पेन काढलं आणि नऊ एप्रिलच्या रकान्यातल्या दोनावर एक बारीक सरळ रेघ मारली. पट्टी लावून.

"गाढव आहेस," बेव्ह म्हणाली. पण तिने त्याच्या ताटलीत पायचा मोठा तुकडा वाढला. "आता काढलीच आहेस वही, तर मीही एक सांगते. तसं तर ते जानेवारीतलेही मी धरले नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तीस वर्षं मी मागे न बघता सत्तेचाळीस पोरं सांभाळली. आरशात नुसती मान दिसली की कळायचं, कोण चुइंगगम चिकटवतोय आणि कोण शेजारच्या पोरीची वेणी ओढतोय. तुझी मान नदीच्या पुलावर डावीकडे जाते, लोवेल. दर वेळी. पुलाच्या आधी तू शंभर फूट इकडे तिकडे, पुलानंतर एकदम दोरी लावल्यासारखा सरळ."

लोवेलचे कान लाल झाले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं काय? बाहेर ऊन होतं, मी होते. मला वाटलं, ढगात जाशील तेव्हा स्वतःच शहाणा होशील. मला काय माहीत तू डार्लीनला घेऊन जाणार आहेस म्हणून!"

लोवेलने ताटली पुढे ओढली. वाढलेला पायचा तुकडा त्याने संपवला. पाय चांगला झाला होता, आणि झाल्या प्रकारात त्या पायचा काही दोष नव्हता.

बेव्हने फोन काढला आणि आयरिस कामिनाकाला लावला. आयरिस त्यांच्या विमानतळावर उडायला शिकवणारी. वय एकतीस, उंची पाच फूट, आणि तिच्यापुढे तिच्या बापाच्या वयाचे पायलट शाळकरी पोरांसारखे पाय जुळवून बसायचे. शिकवणारी शेजारी असली की ढगातही सराव चालतो. जबाबदारी तिची, अप्रोच तुमचा. आणि शुक्रवारी ढग असणारच होता.

"दोन अप्रोच, तास दीड तास," आयरिस म्हणाली. "दोन वाजता या, मिस्टर हॅस्किन्स. झापडं आणू नका. लागणार नाहीत."

शुक्रवारी दुपारी ढग धावपट्टीवर सातशे फुटांवर होता, पक्का, भिंतीला लावलेल्या गिलाव्यासारखा. बेव्ह हँगरच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर विणकाम, कानाशी छोटा रेडिओ. विमान धावलं, उठलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत करड्यात विरघळलं.

आत शिरल्यावर लोवेलला पहिल्यांदा जे जाणवलं ते म्हणजे शांतता नव्हे, तर रंगाचा अभाव. पंख दिसत होता, पंखाच्या पलीकडे जग नव्हतं. एकवीस वर्षांचा परवाना, आणि खऱ्या ढगात तो शेवटचा कधी होता हे त्याला वहीत बघूनच सांगता आलं असतं. मग दोनेक मिनिटांनी ते वर आले, उन्हात. खाली कापसाचं पठार. समुद्रावर जाऊन त्यांनी वळण घेतलं आणि रेडिओवरच्या माणसाने उतरायला हो म्हटलं.

"चला," आयरिस म्हणाली. "तुमचं विमान."

पुन्हा करडं. उंचीचा काटा खाली चालला होता, दिशेचा काटा मधोमध. ठीक. ठीक. मग नदीची वेळ झाली. लोवेलला ती वेळ घड्याळात बघावी लागत नव्हती, मानेत होती. मान डावीकडे कलली.

फटीत काहीच नव्हतं. फटच नव्हती. नुसतं करडं, आणि ते करडं हळूहळू फिरतंय असं त्याला वाटलं. पोटाने सांगितलं, आपण उजवीकडे पडतोय. त्याने पोटाचं ऐकून हात डावीकडे नेला.

"मिस्टर हॅस्किन्स," आयरिसचा आवाज अगदी दुकानात मीठ मागावं तसा. "डावीकडे कोण आलंय?"

त्याने तबकड्यांकडे पाहिलं. क्षितिजाची तबकडी चांगली वीस अंश डावीकडे लवली होती, दिशेचा काटा तबकडीच्या कडेला टेकला होता आणि उंची भराभर जात होती.

"पंख सरळ. मग वर. जोर द्या. इथून आपण परत वर जातोय."

वर उन्हात आल्यावर त्याच्या लक्षात आलं की शर्ट पाठीला चिकटलाय. "हा धरायचा नाही," तो म्हणाला.

"नाही धरायचा," आयरिस म्हणाली. "डावीकडे काय होतं?"

लोवेलने सांगितलं. झापडं, फट, नदी, पूल. सगळं. दुकान विकताना त्याने नव्या मालकाला गोदाम दाखवलं होतं तसंच, कोपरान् कोपरा. आयरिस हसली नाही.

"एवढंच ना," ती म्हणाली. "माझ्याकडे एक डेंटिस्ट आहे, तो नाकाखालून बघतो. आता असं करा. मान दुखेल इतकी सरळ ठेवा आणि मला बोलून दाखवा. क्षितिज, उंची, दिशा. क्षितिज, उंची, दिशा. जपमाळेसारखं."

दुसऱ्या खेपेला तो बोलत होता. क्षितिज, उंची, दिशा. नदीची वेळ आली तेव्हा मान हलली, पण त्याने ती परत आणली, हट्टी शेळी दाव्याने ओढावी तशी. सातशे फुटांवर करड्याखालून ओली काळी धावपट्टी समोर आली. मधोमध नाही, जरा उजवीकडे. पण समोर.

"एक," आयरिस म्हणाली.

तिसऱ्या खेपेला धावपट्टी मधोमध होती. "दोन. झालं तुमचं. कायद्याने सहा भरले. उतरायचं?"

लोवेलने इंधन बघितलं. घड्याळ बघितलं. "अजून चार करू या."

"दोन पुरतात, मिस्टर हॅस्किन्स."

"किती पुरतात ते मला माहीत आहे," लोवेल म्हणाला. "वहीत मी चार धरलेत. आता ते मला पुन्हा मोजायचेत."

आयरिसने त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि रेडिओचं बटण दाबलं. खाली बेव्हने विणकामाचे टाके मोजावेत तसे अप्रोच मोजले. चौथ्याला तिने रेडिओला म्हटलं, "अरे, पुरे आता, कॉफी गार झाली." सहाव्याला तिने उठून नवी कॉफी लावली. लोवेल उतरला तेव्हा त्याच्या मानेत उसण भरली होती आणि तो लग्नाच्या वरातीतून आल्यासारखा खूश होता. आयरिसने वहीत सही केली. सहा. बेव्हने त्याची जुनी झापडं उचलली, आरपार पाहिलं, डाव्या कडेवरून अंगठा फिरवला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकली.

"ती माझी आहेत," लोवेल म्हणाला.

"होती," बेव्ह म्हणाली.

शनिवारी पहाटे साडेसहाला लोवेल परसदारी आला आणि त्याने वर पाहिलं. वर काहीच नव्हतं.

ढगाचा ठिपका नाही. समुद्रापासून डोंगरापर्यंत निळं, धुऊन वाळत घातल्यासारखं. वाढदिवसाच्या सकाळी सीडर बेला असं आभाळ दर वर्षी पडत असतं तर गोष्ट वेगळी. सहा वर्षांत ते पहिल्यांदाच पडलं होतं. डार्लीन बॅग घेऊन बाहेर आली. पाकिटात फ्रिजवरचा कागद तिने घडी करून ठेवला होता, चुलीत टाकायची घाई नको म्हणून.

"ढग कुठे गेला?" तिने विचारलं.

"आज नाही."

"मग सगळ्या हिवाळ्यात तू जे केलंस, आणि काल ते तीन तास, ते सगळं कशासाठी?"

"हाताशी असावं म्हणून," लोवेल म्हणाला आणि तिच्या हातातली बॅग घेतली. 

"हे असं आभाळ तर बेव्हची बससुद्धा उडवेल," डार्लीन म्हणाली आणि विमानतळावर जाऊन विमानात बसली. ते सव्वादोन तासांत पेंडल्टनला पोचले. कॉराने दारातच दोघांना मिठी मारली आणि लोवेलला विचारलं, "मोटार कुठे लावलीस?" जेवायला भाजलेलं डुक्कर होतं, पीच होते, आणि कॉराच्या नातवंडांनी पंचाहत्तर मेणबत्त्यांनी केक जवळजवळ जाळला. लोवेल सगळ्यांना सांगत होता की प्रवास छान झाला. पण कोणाला तरी एक ढग दाखवता आला असता तर बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. कर्ज काढून छत्री घ्यावी आणि पाऊसच पडू नये, तसं.

रविवारी दुपारी ते परत निघाले. डोंगर ओलांडले आणि डार्लीनने समोर बघितलं. समुद्र नव्हता. समुद्राच्या जागी, आणि गावाच्या जागी, आणि त्यांच्या घराच्या जागी एक पांढरं पठार पसरलं होतं, टोकापासून टोकापर्यंत.

"आपलं घर कुठे आहे?"

"खाली," लोवेल म्हणाला.

"मग आता? मागे फिरायचं?" तिने ते अगदी साध्या आवाजात विचारलं, आणि नकळत तिचा हात पाकिटावर गेला. पाकिटात कागद होता. लोवेलला ते दिसलं.

"नाही. सहाशे फुटांवर ढग आहे. पुरतो. आता मी थोडा वेळ बोलणार नाही, डार्ल. रागावलो म्हणून नाही."

"हे माझं आहे," ती म्हणाली. "न बोलणं."

समुद्रावर जाऊन त्याने वळण घेतलं, ऊन पाठीमागे घेतलं. रेडिओवरच्या माणसाने हो म्हटलं. पठार वर येऊ लागलं. विमानाची सावली त्याच्यावर पडली होती, डार्लीनच्या खिडकीखाली, आणि सावलीभोवती एक पूर्ण गोल इंद्रधनुष्य होतं. कमान नव्हे. गोल, बांगडीसारखं, आणि ते त्यांच्याबरोबर पळत होतं.

"लोवेल! बघ!"

क्षितिज, उंची, दिशा.

"लोवेल, अरे बघ, गोल आहे! अख्खं गोल!"

क्षितिज. उंची. त्याचे ओठ हलत होते. सावली मोठी झाली, इंद्रधनुष्य मोठं झालं, आणि मग विमान सावलीत घुसलं आणि सगळं करडं झालं. डार्लीनने खुर्चीची कड धरली. आत काहीच नव्हतं, पंखाच्या टोकावर पाण्याची एक रेघ मागे मागे सरकत होती, एवढंच. नदीची वेळ आली. लोवेलच्या मानेला आठवलं. मान हलली नाही. शेजारून डार्लीन म्हणाली, "निदान आता तरी बघ, काहीतरी हिरवं दिसतंय," आणि तरीही नाही. मग सहाशे फुटांवर करडं फाटलं आणि समोर धावपट्टीचे दिवे होते, मधोमध, दोन्ही बाजूंना सारखे, केसांच्या भांगासारखे.

तेव्हा कुठे लोवेलने बाहेर पाहिलं. चाकं टेकली.

हँगरमध्ये बेव्हने कॉफी लावली होती. रविवार तिचा नव्हता, पण ती होती. "काय मग?" तिने विचारलं. ती लोवेलकडे न बघता डार्लीनकडे बघत होती.

"मला तक्रार करायची आहे," डार्लीन म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा मी गोल इंद्रधनुष्य पाहिलं. याला तीनदा सांगितलं, बघ म्हणून. तीनदा! आणि या माणसाने एकदाही मान वळवली नाही. एकदाही नाही, बेव्ह. दगड."

बेव्हने कप तोंडाला लावला होता. ती इतकी हसली की कॉफी नाकात गेली, हातावर सांडली, टेबलावर सांडली आणि लॉगबुकाच्या दिशेने वाहू लागली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" डार्लीन म्हणाली. तिने पाकीट उघडलं, आतला घडी केलेला कागद काढला आणि टेबल पुसलं. कागद चांगल्या प्रतीचा होता, सगळी कॉफी शोषून घेतली. मग तिने तो मुठीत चुरगाळून पिंपात टाकला, जुन्या झापडांवर.

लोवेलने वही उघडली. तारीख. पेंडल्टन ते सीडर बे. ढगातला वेळ, तीन मिनिटं. अप्रोच, एक. वाऱ्याची दिशा त्याने अंशांत लिहिली.

"तो शेवटचा रकाना कसला?" डार्लीनने त्याच्या खांद्यावरून विचारलं.

"शेऱ्याचा."

"आण इकडे ते पेन."

आजवर दुसऱ्या कोणाला त्याने आपल्या वहीत शेरा लिहू दिला नव्हता. त्याने पेन दिलं. डार्लीनने चष्मा लावला आणि तिच्या टपोऱ्या अक्षरात, रकान्याच्या रेघेबाहेर जात, लिहिलं: 'बायकोने दाखवलेलं बघितलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा नेणे.'